अख्खा सामना पाहताना: अमेरिकी बेसबॉलची जुनी चित्रणे

बेसबॉलच्या गाजलेल्या सामन्यांविषयी अमेरिकेत जितके लिहिले आणि बोलले गेले आहे, त्या मानाने ते सामने आरंभापासून अखेरपर्यंत पुन्हा पाहिलेले लोक दीर्घकाळ फारच थोडे होते, आणि त्याचे कारण अगदी साधे होते: पाहण्यासारखे फारसे काही शिल्लकच नव्हते. दूरचित्रवाणीने हा खेळ १९३९ पासून दाखवायला सुरुवात केली, परंतु दाखवलेले जपूनही ठेवावे हा विचार तिच्या चालकांनी पुढची तीन-साडेतीन दशके फारसा मनावर घेतला नाही. त्यामुळे जुन्या सामन्यांची लोकमानसातील प्रतिमा वर्तमानपत्रांतील वर्णने, रेडिओवरचे धावते समालोचन आणि चित्रपटगृहांत दाखवल्या जाणाऱ्या वार्तापटांतील काही सेकंदांचे तुकडे यांवर उभी राहिली. पुढे एकेक पूर्ण चित्रण सापडत गेले, काही सामने संग्रहांतून बाहेर आले, आणि ते निवांतपणे पाहणाऱ्यांच्या ध्यानात आले की एखाद्या सामन्याची आख्यायिका आणि प्रत्यक्ष सामना यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही.

पुढील विवेचनासाठी खेळाची जुजबी ओळख पुरेशी आहे. बेसबॉलमध्ये नऊ-नऊ खेळाडूंचे दोन संघ आळीपाळीने फलंदाजी करतात. चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात, आणि फलंदाजी करणाऱ्या संघाचे तीन खेळाडू बाद झाले की त्याची पाळी संपते. दोन्ही संघांची एकेक पाळी मिळून एक इनिंग होते, अशा नऊ इनिंगांचा सामना असतो, आणि त्यानंतरही बरोबरी असेल तर निकाल लागेपर्यंत इनिंगा वाढत जातात. मैदानावरील चार बेस ओळीने गाठून मूळ जागी परतणाऱ्या खेळाडूच्या नावावर एक धाव लागते. चेंडू थेट कुंपणापार गेला तर तो होम रन ठरतो आणि फलंदाजासह त्या वेळी बेसवर असलेले सगळे खेळाडू धाव पूर्ण करतात. यजमान संघ प्रत्येक इनिंगमध्ये नंतर खेळतो, म्हणजे शेवटची संधी त्याची असते. अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग या दोन संघटनांचे विजेते दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास सात सामन्यांच्या ज्या मालिकेत एकमेकांशी भिडतात आणि जिच्यात चार विजय मिळवणारा संघ अजिंक्य ठरतो, ती वर्ल्ड सिरीज.

दूरचित्रवाणीवरचा पहिला बेसबॉल सामना १७ मे १९३९ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांत झाला आणि तो एकाच कॅमेऱ्याने दाखवला गेला. व्यावसायिक संघांचा पहिला सामना त्याच वर्षी २६ ऑगस्टला ब्रुकलिनच्या एबेट्स फील्ड मैदानावरून, रेड बार्बर या समालोचकाच्या आवाजात प्रक्षेपित झाला. वर्ल्ड सिरीज प्रथम दिसली ती १९४७ साली. त्या काळी प्रक्षेपण जपण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे किनेस्कोप: दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा ठेवून पडद्यावर दिसेल ते फिल्मवर टिपायचे. अशा रीतीने मिळणारे चित्र पुसट आणि कृष्णधवल असे, फिल्म आणि तिची धुलाई महाग पडे, आणि संपलेला सामना पुन्हा कोणी पाहील अशी अपेक्षा नसल्यामुळे हा खर्च करण्याचे कारण वाहिन्यांना दिसत नसे. १९५६ साली अँपेक्स कंपनीने ध्वनिचित्रमुद्रणाचे पहिले यशस्वी व्यावसायिक यंत्र बाजारात आणले तेव्हा परिस्थिती सुधारायला हवी होती. प्रत्यक्षात ती एका अर्थाने बिघडली, कारण चुंबकीय फीत महाग असली तरी पुसून पुन्हा वापरता येत होती आणि वाहिन्यांनी ती पुसली. १९७५ पूर्वीच्या कितीतरी वर्ल्ड सिरीज सामन्यांची पूर्ण चित्रणे त्यामुळे कायमची गेली. भारतीय वाचकाला हे दुःख अनोळखी नाही, कारण १९८३ च्या विश्वचषकात कपिल देवने झिंबाब्वेविरुद्ध टनब्रिज वेल्स येथे काढलेल्या नाबाद १७५ धावांचेही चित्रण उपलब्ध नाही.

या पोकळीत स्मरण कसे घडते याचा उत्तम नमुना ३ ऑक्टोबर १९५१ चा आहे. न्यूयॉर्क जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स यांच्यातील निर्णायक सामन्यात बॉबी थॉमसनने शेवटच्या इनिंगमध्ये मारलेल्या होम रनने जायंट्सना वर्ल्ड सिरीजमध्ये नेले. हा सामना दूरचित्रवाणीवर देशभर दिसला होता, तरी आज सर्वत्र दाखवला जाणारा तुकडा दूरचित्रवाणीचा नाही: चित्र वार्तापटाच्या फिल्मवरचे आहे आणि आवाज रस होजेस या समालोचकाच्या रेडिओ प्रक्षेपणाचा आहे, जो एका श्रोत्याने घरच्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित केल्यामुळे वाचला. म्हणजे कोट्यवधी लोक जे दृश्य त्या दिवसाचे म्हणून ओळखतात, ते त्या दिवशी त्या स्वरूपात कोणीही पाहिलेले नव्हते.

पूर्ण सामना हाती लागणे म्हणजे काय, हे १३ ऑक्टोबर १९६० च्या चित्रणाने दाखवून दिले. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना पिट्सबर्ग पायरेट्सने फोर्ब्ज फील्ड या आपल्या मैदानावर न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध १०-९ असा जिंकला, आणि शेवटची धाव बिल मॅझेरोस्कीच्या होम रनने आली; वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्याचा निकाल अखेरच्या फटक्याला होम रनने लागल्याचे दुसरे उदाहरण आजवर नाही. या मालिकेत यँकीजनी एकूण ५५ धावा केल्या आणि पायरेट्सनी अवघ्या २७. यँकीजचे तीन विजय १६-३, १०-० आणि १२-० असे होते, आणि तरीही मालिका पायरेट्सनी जिंकली. वाहिनीने हे प्रक्षेपण जपले नव्हते. ते वाचले एका गायकाच्या हळवेपणामुळे.

बिंग क्रॉस्बी हा त्या काळातील अमेरिकेचा अत्यंत लोकप्रिय गायक आणि अभिनेता पायरेट्स संघाचा एक भागधारक होता. आपण सामना पाहिला तर संघाला अपशकुन होईल या भीतीने तो सपत्नीक पॅरिसला निघून गेला आणि तेथे त्याने रेडिओवर समालोचन ऐकले. मात्र संघ जिंकलाच तर नंतर पाहता यावा म्हणून प्रक्षेपणाचा किनेस्कोप करून ठेवण्याची व्यवस्था त्याने आधीच केली होती. फिल्मची रिळे कॅलिफोर्नियातील हिल्सबरो येथील त्याच्या घराच्या मद्यसाठ्याच्या तळघरात राहिली, तिथल्या थंड आणि कोरड्या हवेत टिकली, आणि क्रॉस्बीच्या जुन्या कार्यक्रमांचा शोध घेत असताना डिसेंबर २००९ मध्ये पाच रिळांच्या रूपाने सापडली. योगायोग असा की ध्वनिमुद्रणाच्या चुंबकीय फितीला अमेरिकेत बळ देणाऱ्यांत क्रॉस्बी अग्रभागी होता. आपला रेडिओ कार्यक्रम आधी मुद्रित करून मग प्रसारित करण्याचा हट्ट त्याने धरला, अँपेक्समध्ये पैसा गुंतवला, आणि त्याच्या कंपनीने १९५१ साली चित्रमुद्रणाचे प्रात्यक्षिकही केले. ज्या फितीच्या स्वस्त पुनर्वापराने बेसबॉलचा दृश्य इतिहास पुसला, तिच्या पाठीराख्याच्याच तळघरात जुन्या पद्धतीची फिल्म सुरक्षित राहिली.

डिसेंबर २०१० मध्ये एमएलबी नेटवर्क या बेसबॉलच्या वाहिनीने हा सामना पुन्हा दाखवला, तेव्हा मॅझेरोस्कीच्या फटक्यापलीकडचे बरेच काही समोर आले. आठव्या इनिंगमध्ये पायरेट्स ४-७ असे मागे असताना बिल व्हर्डनने मारलेला सरपटी चेंडू, जो सहज दोन बळी देऊ शकला असता, अचानक उसळून टोनी क्युबेक या यँकीज खेळाडूच्या गळ्यावर आदळला आणि त्याला मैदान सोडावे लागले. त्याच इनिंगमध्ये हॅल स्मिथने तीन धावांचा होम रन मारून संघाला ९-७ असे पुढे नेले. निकाल तेथेच ठरला असता तर पिट्सबर्गमध्ये पुतळा कदाचित स्मिथचा उभा राहिला असता. परंतु नवव्या इनिंगमध्ये यँकीजनी बरोबरी साधली, आणि ती साधताना मिकी मँटलने दाखवलेले प्रसंगावधान हा या चित्रणातील सर्वांत पाहण्यासारखा भाग आहे. मँटल पहिल्या बेसवर आणि गिल मॅकडूगल्ड तिसऱ्यावर असताना योगी बेराने मारलेला चेंडू पायरेट्सच्या रॉकी नेल्सनने पहिल्या बेसजवळ अडवला आणि बेसवर पाय टेकवून बेराला बाद केले. बेरा बाद होताच मँटलवरची पुढे पळण्याची सक्ती संपली. आता त्याला चेंडूने स्पर्श करूनच बाद करता आले असते, आणि तसे झाले असते तर सामना तत्क्षणी संपला असता. मँटलने पुढे न जाता नेल्सनला हुलकावणी देत पहिल्या बेसवर मागे झेप घेतली, आणि तेवढ्या अवधीत मॅकडूगल्डने बरोबरीची धाव पूर्ण केली. वृत्तान्त वाचून हे समजते, परंतु ते किती झटपट घडले आणि नेल्सनचा गोंधळ किती स्वाभाविक होता, हे पाहिल्यावाचून पटत नाही.

चित्रणातून आणखी एक गोष्ट जाणवते, ती म्हणजे खेळाची गती. एकोणीस धावा झालेला हा सामना २ तास ३६ मिनिटांत आटोपला, आणि वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात ज्यात एकही स्ट्राइकआउट, म्हणजे पिचरने फलंदाजाला तीन स्ट्राइकांवर (हुकलेल्या किंवा सोडून दिलेल्या योग्य चेंडूंवर) बाद करणे, घडले नाही असा हा एकमेव सामना आहे. फलंदाज फारसे बाजूला होत नाहीत, पिचर चेंडू हाती येताच फेकतो. २०२१ पर्यंत नऊ इनिंगांच्या सामन्याची सरासरी ३ तास १० मिनिटांवर गेली होती, आणि अखेर २०२३ मध्ये पिचरने ठरावीक सेकंदांत चेंडू फेकलाच पाहिजे असा नियम करून ती सुमारे २ तास ४० मिनिटांवर आणावी लागली. त्या नियमाचा सर्वांत प्रभावी पुरावा म्हणून कोणी १९६० चे हे चित्रण पुढे केले तर ते वावगे ठरणार नाही.

१९५६ च्या वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्याचे, ज्यात डॉन लार्सनने डॉजर्सच्या २७ फलंदाजांना ओळीने बाद करून कोणालाही पहिला बेसदेखील गाठू दिला नाही, चित्रण एका संग्राहकाच्या हाती टिकले. त्यात पहिली इनिंग नाही. १ जानेवारी २००९ रोजी एमएलबी नेटवर्कने आपला आरंभ याच सामन्याने केला आणि लार्सन व त्याचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून पिचरचा चेंडू पकडणारा खेळाडू, बेरा या दोघांना ते पाहण्यासाठी स्टुडिओत बोलावले. शेवटचा फलंदाज डेल मिचेल याला बाद ठरवणारा चेंडू खरोखर योग्य कक्षेतून गेला होता का, हा वाद मात्र या चित्रणाने मिटत नाही, कारण त्या काळी मुख्य कॅमेरा फलंदाजाच्या मागे उंचावर असे आणि आज परिचित असलेले, पिचरच्या पाठीमागून समोर फलंदाज दाखवणारे दृश्य अद्याप रूढ झाले नव्हते.

कॅमेरा कोठे आहे यावर सामना कसा आठवतो हे किती अवलंबून असते, ते २१ ऑक्टोबर १९७५ च्या सामन्यात दिसते. बोस्टनच्या फेनवे पार्कवर, पावसाने तीन दिवस लांबलेल्या वर्ल्ड सिरीजच्या या सहाव्या सामन्यात बोस्टन रेड सॉक्सने सिनसिनाटी रेड्सवर ७-६ अशी मात केली. बाराव्या इनिंगमध्ये, मध्यरात्रीनंतर, कार्लटन फिस्कने मारलेला चेंडू डाव्या सीमारेषेवरील खांबाला लागून होम रन ठरला. चेंडू आत पडावा म्हणून दोन्ही हात हलवत पहिल्या बेसकडे उड्या मारत जाणारा फिस्क हे दूरचित्रवाणीवरील क्रीडाप्रक्षेपणातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध दृश्य आहे. ते टिपणारा कॅमेरामन डाव्या बाजूच्या उंच भिंतीतील धावफलकाच्या आत बसला होता. चेंडूमागे कॅमेरा फिरवणे हे त्याचे काम, परंतु जवळ आलेल्या उंदराकडे लक्ष गेल्याने आपला कॅमेरा फिस्कवरच खिळून राहिला असे त्याने पुढे सांगितले. चेंडूपेक्षा खेळाडूचा चेहरा अधिक बोलका असतो हे निर्मात्यांना त्या रात्री उमगले, आणि खेळाडूंच्या प्रतिक्रियांवर रोखलेले कॅमेरे पुढे सर्रास झाले. हे दृश्य इतके प्रभावी आहे की त्याने उरलेला सामना झाकून टाकला. त्याच सामन्यात आठव्या इनिंगमध्ये बर्नी कार्बोने तीन धावांचा होम रन मारून बरोबरी साधली नसती तर फिस्कपर्यंत पाळी आलीच नसती. नवव्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरलेले आणि एकही बळी गेलेला नसताना बोस्टनला एक धाव काढता आली नाही. आणि अकराव्या इनिंगमध्ये ड्वाइट इव्हान्सने जो मॉर्गनचा फटका मागे धावत झेलला नसता तर सिनसिनाटी जिंकण्याच्या बेतात आली असती. या प्रक्षेपणातील एक समालोचक होता टोनी क्युबेक, १९६० मध्ये गळ्यावर चेंडू बसलेला तोच. रेड सॉक्सनी दुसऱ्या दिवशीचा सातवा सामना ३-४ असा गमावला आणि मालिका सिनसिनाटीने जिंकली, ही गोष्ट ते दृश्य पाहून कोणाच्याही मनात येणार नाही.

आख्यायिकेने माणसावर केलेला अन्याय पाहायचा असेल तर २५ ऑक्टोबर १९८६ चा सामना पूर्ण पाहावा. न्यूयॉर्क मेट्सविरुद्धच्या सहाव्या सामन्यात बोस्टन रेड सॉक्स १९१८ नंतरच्या पहिल्या विजेतेपदापासून एका बळीच्या अंतरावर होते, आणि मुकी विल्सनने मारलेला साधा सरपटी चेंडू पहिल्या बेसवरील बिल बकनरच्या पायांमधून गेला. ती काही सेकंदांची फीत पुढची अनेक वर्षे दाखवली गेली आणि बकनरचे नाव पराभवाशी कायमचे जोडले गेले. दहाव्या इनिंगची सलग फीत वेगळेच सांगते. मेट्स दोन धावांनी मागे, दोन बळी गेलेले, बेसवर कोणी नाही, अशा स्थितीत गॅरी कार्टर, केव्हिन मिचेल आणि रे नाइट या तिघांनी एकामागून एक बेस गाठले आणि फरक एका धावेवर आला. बोस्टनने पिचर बदलला. विल्सनला टाकलेल्या सातव्या चेंडूवर बॉब स्टॅन्लीचा नेम चुकला, चेंडू कॅचरलाही अडवता आला नाही आणि मिचेलने धाव पूर्ण करून ५-५ अशी बरोबरी केली. बकनरची चूक त्यानंतर तीन चेंडूंनी झाली. म्हणजे त्याने चेंडू अडवला असता तरी सामना जिंकला जात नव्हता. तो अकराव्या इनिंगमध्ये गेला असता, एवढेच. शिवाय बकनरचे पाय दुखावलेले असूनही, एरवी अखेरच्या इनिंगांत त्याच्या जागी उतरवला जाणारा डेव्ह स्टेपलटन या वेळी बाहेरच बसवला होता, हा निर्णय प्रशिक्षकाचा होता. आणि सातवा सामना अजून बाकी होता, ज्यात बोस्टनने ३-० अशी आघाडी घेऊनही ५-८ अशी हार पत्करली. प्रक्षेपणाचा समालोचक व्हिन स्कली, ज्याने तीस वर्षांपूर्वी लार्सनच्या सामन्याचेही समालोचन केले होते, विजयी धाव झाल्यावर बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या मौनामुळे चित्रे अधिक परिणामकारक झाली हे खरे, पण तीच चित्रे पुढे संदर्भाविना फिरत राहिली. बोस्टनच्या प्रेक्षकांनी २००८ साली फेनवे पार्कवर बकनरचे उभे राहून स्वागत केले, तोवर रेड सॉक्सनी दोनदा अजिंक्यपद मिळवले होते. क्षमा करणे तेव्हा सोपे झाले होते, असेही म्हणता येईल.

१९८५ च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्याची कथाही अशीच आहे. कॅन्सस सिटीचा होर्हे ऑर्टा पहिल्या बेसवर स्पष्ट बाद असताना पंच डॉन डेंकिंजर यांनी त्याला नाबाद ठरवले आणि सेंट लुइस कार्डिनल्सचा पराभव त्या निर्णयाच्या माथी मारला गेला. निर्णय चुकीचा होता यात शंका नाही आणि त्याने कार्डिनल्सचा एक हक्काचा बळी हिरावला. परंतु फीत पुढे पाहिली तर ऑर्टा थोड्याच वेळात तिसऱ्या बेसवर बाद झालेला दिसतो, म्हणजे ज्याला चुकीने जीवदान मिळाले त्याने धाव काढलीच नाही. त्याच इनिंगमध्ये कार्डिनल्सनी एक सोपा झेल सोडला आणि कॅचरच्या हातून एक चेंडू निसटला. सातवा सामना तर ते ०-११ असे हरले, आणि त्याचा दोष कोणत्याच पंचाला देता येत नाही.

२०२० च्या वसंतात कोरोनाच्या साथीमुळे मार्चअखेरीस सुरू होणारा हंगाम जुलैपर्यंत लांबला, तेव्हा वाहिन्यांनी रिकाम्या वेळात जुने सामने दाखवले आणि ज्यांनी ते केवळ तुकड्यांतून पाहिले होते अशा पिढीला ते सलग पाहायला मिळाले. नव्या प्रेक्षकाला आरंभी अडखळायला होते, कारण पडद्याच्या कोपऱ्यात धावसंख्या सतत दिसत नाही आणि ती समालोचकाच्या तोंडून ऐकण्यासाठी थांबावे लागते. १९६३ पूर्वीच्या चित्रणांत नुकताच घडलेला प्रसंग पुन्हा दाखवण्याची सोयही नाही, त्यामुळे डोळा चुकला की चेंडू गेला. परंतु या उणिवांमुळेच पाहणारा अधिक सावध राहतो, आणि काही वेळाने कोपऱ्यातील आकड्यांची आठवण येईनाशी होते.

आज यांतील कित्येक सामने मेजर लीग बेसबॉलच्या यूट्यूब वाहिनीवर पूर्ण उपलब्ध आहेत, आणि १९८९ साली स्थापन झालेल्या रेट्रोशीट या स्वयंसेवी संस्थेने हजारो जुन्या सामन्यांची क्रमवार नोंद विनामूल्य खुली केली असल्याने फीत पाहताना ती शेजारी ठेवता येते. बेसबॉल नव्याने पाहणाऱ्या मराठी वाचकाने आरंभ १९७५ च्या सहाव्या सामन्यापासून करावा. तो चार तासांचा आहे, दोन बैठकींत पाहिला तरी चालेल. फक्त थेट बाराव्या इनिंगवर उडी मारू नये.